काचरूप बर्फातले रेणू

अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन, किंवा प्रयोगशाळांत रुळलेल्या नावाने क्रायो-ईएम, ही प्रथिने, विषाणू, रायबोसोम अशा जैविक रेणूंची रचना अणूंच्या पातळीपर्यंत पाहण्याची पद्धत आहे. रेणू ज्या पाण्यात वावरतात त्या पाण्यासकट ते क्षणार्धात गोठवायचे, त्यांच्यावर इलेक्ट्रॉनांचा अगदी मोजका मारा करून अंधूक चित्रे घ्यायची आणि अशी लाखो चित्रे संगणकावर जुळवून त्यांतून एक त्रिमितीय आकृती उभी करायची, असा तिचा क्रम आहे. यातले प्रत्येक पाऊल वेगळ्या गावी, वेगळ्या माणसांनी टाकले. १९७० आणि १९८० च्या दशकांत मूळ कल्पना तयार झाल्या. त्यांचे पुरते पीक हाती यायला मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

पाणी, निर्वात आणि इलेक्ट्रॉन

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४,००० ते ७,००० आंग्स्ट्रॉम असते. एक आंग्स्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रथिनातले दोन शेजारी कार्बन अणू एकमेकांपासून जेमतेम दीड आंग्स्ट्रॉमवर असतात, त्यामुळे प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने ते सुटे दिसणे अशक्य. इलेक्ट्रॉनाचे तसे नाही. ३ लाख व्होल्टच्या दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनाची तरंगलांबी ०.०२ आंग्स्ट्रॉमच्या आसपास भरते. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवून दाखवला, आणि दोनच वर्षांत रुस्का यांच्या सुधारित यंत्राने प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले. या कामाचे नोबेल पारितोषिक रुस्का यांना १९८६ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर मिळाले.

धातू आणि खनिजे पाहायला हे यंत्र उत्तम होते. सजीवांच्या रेणूंपुढे मात्र ते तीन ठिकाणी अडले. पहिली अडचण पाण्याची. इलेक्ट्रॉन हवेतून नीट जात नाहीत, म्हणून यंत्राची नळी निर्वात ठेवावी लागते. निर्वातात पाणी उडून जाते आणि पाण्याविना प्रथिन चिपाडासारखे चिरमटते. दुसरी अडचण माऱ्याची. ज्या इलेक्ट्रॉनांनी रेणू पाहायचा तेच त्याचे बंध तोडतात. चित्र स्पष्ट येण्याइतके इलेक्ट्रॉन सोडले, तर चित्र तयार होईपर्यंत रेणूच शिल्लक राहत नाही. तिसरी अडचण फिकेपणाची. प्रथिनात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, हायड्रोजन असे हलके अणू असतात आणि भोवतालचे पाणीही तसेच हलके. दोन्ही इलेक्ट्रॉनांना जवळपास सारखेच वळवतात. त्यामुळे पाण्यात प्रथिन म्हणजे धुक्यात धूर.

यावर पहिला व्यवहारी तोडगा १९५९ मध्ये केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्न यांनी रूढ केला. रेणूंच्या भोवती जड धातूच्या क्षाराचे द्रावण सुकवायचे. क्षार इलेक्ट्रॉनांना अडवतो, रेणूची जागा उजळ राहते आणि त्याची बाह्याकृती उमटते. विषाणूंचे आकार ओळखायला हे ऋण-रंजन फार उपयोगी पडले. पण दिसत असे तो रेणू नव्हे, रेणूचा साचा. आतल्या घड्या, वळसे, अणूंची मांडणी यांचा त्यात मागमूस नसे.

रेणूच्या आत डोकावण्याचे काम तोवर क्ष-किरण स्फटिकशास्त्राने हाती घेतले होते. जॉन केन्ड्र्यू यांनी मायोग्लोबिनची आणि माक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनची रचना उलगडली. दोघांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पेरुट्झ हिमोग्लोबिनच्या मागे १९३७ पासून होते. या पद्धतीची अट एकच, पण कडक: प्रथिनाचा स्फटिक तयार झाला पाहिजे. पेशीपटलात रुतलेली प्रथिने किंवा अनेक भागांची हलती रेणूयंत्रे स्फटिक बनवायला सहजी राजी होत नसत, आणि औषधशास्त्राला नेमकी त्यांचीच गरज होती.

केंब्रिजच्याच रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेव्हिड डीरोझियर आणि आरन क्लुग यांनी १९६८ मध्ये एक गणिती दार उघडले. सूक्ष्मदर्शकाचे चित्र म्हणजे वस्तूची सपाट छाया. एकाच वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या पुरेशा छाया असल्या, तर त्यांवरून मूळ घनाकृती परत बांधता येते, हे त्यांनी टी-४ या जीवाणुभक्षक विषाणूच्या शेपटीवर सिद्ध केले. रुग्णालयातला सीटी स्कॅन याच तत्त्वावर चालतो. विषाणूची शेपटी सर्पिल असल्याने एकाच चित्रात तिच्या अनेक बाजू आपोआप मिळत होत्या. असे अंगचे सौष्ठव, म्हणजे सममिती, नसलेल्या रेणूंचे काय, हा प्रश्न उरला. क्लुग यांना १९८२ चे नोबेल मिळाले.

जांभळे पटल

एडिंबरोत १९४५ मध्ये जन्मलेले रिचर्ड हेंडरसन मूळचे क्ष-किरणवाले. पटलातल्या प्रथिनांचे स्फटिक मिळेनात म्हणून ते केंब्रिजमध्ये नायजेल अनविन यांच्यासोबत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे वळले. त्यांनी निवडलेले प्रथिन होते बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. खारट पाण्यात राहणारे काही सूक्ष्मजीव आपल्या पटलावर जांभळे ठिगळ बाळगतात, आणि त्या ठिगळात हे प्रथिन फरसबंदीसारखे ओळीने मांडलेले असते. प्रकाश पडला की ते प्रोटॉन पेशीबाहेर ढकलते. म्हणजे निसर्गाने एक सपाट, एकपदरी स्फटिक तयारच ठेवला होता.

हेंडरसन आणि अनविन यांनी प्रथिन पटलातून काढलेच नाही. पटलच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. निर्वातात ते सुकू नये म्हणून पाण्याच्या जागी ग्लुकोजचा लेप दिला. आणि मारा इतका कमी केला, की एक चौरस आंग्स्ट्रॉम जागेवर सरासरीने एखादा इलेक्ट्रॉनही पडू नये. अशा चित्रात डोळ्यांना काहीच दिसत नसे, नुसती करड्या रंगाची वाळू. पण पटलात हजारो रेणू एकाच दिशेला तोंड करून बसलेले असल्याने त्या सगळ्यांची सरासरी काढता येत होती. पटल वेगवेगळ्या कोनांत कलवून घेतलेल्या चित्रांतून १९७५ मध्ये ७ आंग्स्ट्रॉम विभेदनाची, म्हणजे तेवढ्या अंतरावरचे तपशील सुटे दाखवणारी, त्रिमितीय आकृती उभी राहिली. पटलातून आरपार जाणारे सात दांडे तीत स्पष्ट दिसत होते. पटल-प्रथिनाचे आतले रूप जगाने पाहण्याची ती पहिली वेळ होती.

या प्रयोगात पुढच्या साऱ्या कामाचे सूत्र आले होते: एका रेणूकडे रोखून पाहू नये, पुष्कळ रेणूंकडे ओझरते पाहावे. सात आंग्स्ट्रॉमवरून अणूंच्या मांडणीपर्यंत जायला मात्र आणखी पंधरा वर्षे गेली. १९९० मध्ये हेंडरसन आणि सहकाऱ्यांनी बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचा अणुपातळीवरचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यासाठी लागणारी चित्रे मिळवायला ते बर्लिन आणि बर्कलीसह निरनिराळ्या ठिकाणच्या उत्तम यंत्रांकडे गेले, आणि नमुना अतिशीत ठेवूनच चित्रे घेतली. तोवर १९८५ मध्ये जर्मनीत एका पटल-प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी सुटलीही होती. तरी इलेक्ट्रॉनांनीही तिथवर पोहोचता येते, हे सिद्ध झाले.

काचेसारखा बर्फ

थंडीचा उपयोग आधी कळला होता. बर्कलीत केनेथ टेलर आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९७४ मध्ये कॅटलेज या प्रथिनाचे पातळ स्फटिक गोठवून पाहिले. गोठलेले पाणी निर्वातात उडाले नाही, प्रथिनाची बारीक मांडणी शाबूत राहिली, आणि थंडीत इलेक्ट्रॉनांचा घावही कमी बसला. रेणू तुटत होते, पण तुटलेले तुकडे गोठलेल्या अवस्थेत जागच्या जागी राहत होते.

मात्र साध्या रीतीने गोठवलेल्या पाण्याचा बर्फ स्फटिकांचा असतो. वाढता स्फटिक रेणूंना बाजूला सारतो, चिरडतो, आणि इलेक्ट्रॉन शलाकेला इतका विखुरतो की चित्र झाकोळून जाते. स्फटिक न बनता पाणी काचेसारखे थिजले तर हे सगळे टळेल. वाफ अतिशीत पृष्ठभागावर जमवून असा अस्फटिकी बर्फ मिळतो, हे १९३० च्या दशकापासून ठाऊक होते. द्रवरूप पाणी थेट तसे थिजवता येईल यावर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. १९८० मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये ब्रुगेलर आणि एर्विन मायर यांनी ते शक्य असल्याचे दाखवले. सूक्ष्मदर्शकाच्या कामी येईल अशी रीत बसवली ती हायडलबर्गमध्ये.

हायडलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख त्या वेळी केन्ड्र्यू होते. १९७८ मध्ये त्यांनी जाक दुबोशे या स्विस भौतिकशास्त्रज्ञाकडे पाण्याचा प्रश्न सोपवला. १९४२ मध्ये जन्मलेले दुबोशे आणि त्यांचे सहकारी अलस्डेअर मॅकडॉवल यांनी १९८१ मध्ये शुद्ध पाण्याचे काचीकरण प्रसिद्ध केले. थिजलेल्या थराला सूक्ष्मदर्शकातच हळूहळू ऊब दिली की उणे १४० अंशांच्या आसपास त्यात एकाएकी स्फटिक उगवत. आधीचा थर खरोखर अस्फटिकी होता, याचा तो पुरावा.

पुढच्या दोन-तीन वर्षांत बसलेली कृती आजही जवळजवळ तशीच आहे. तीन मिलिमीटर व्यासाची धातूची बारीक जाळी चिमट्यात उभी धरतात. जाळीवर कार्बनचा सच्छिद्र पडदा असतो. त्यावर प्रथिनाच्या द्रावणाचे तीनेक मायक्रोलिटर, म्हणजे अश्रूच्या थेंबाहून कितीतरी लहान थेंब सोडतात. मग टिपकागद लावून जवळजवळ सगळे पाणी शोषून घेतात. छिद्रांत उरतो तो साबणाच्या फुग्याच्या भिंतीसारखा पापुद्रा, सुमारे हजार आंग्स्ट्रॉम जाडीचा. तो सुकायच्या आत चिमटा सुटतो आणि जाळी सरळ खाली द्रव इथेनच्या कुपीत बुडते. ही कुपी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने वेढलेली असते.

नायट्रोजन हाताशी असताना मधे इथेन का, याला कारण आहे. द्रव नायट्रोजन आपल्या उत्कलनबिंदूवरच असतो. ऊबदार जाळी त्यात शिरताच तिच्याभोवती तो उकळतो आणि वायूचे वेष्टन तयार होते. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर नाचतो, तसाच हा प्रकार. वायूतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. इथेन उणे १८३ अंशांना गोठतो आणि उणे ८९ अंशांना उकळतो, म्हणून तो न उकळता जाळीला थेट भिडतो. पापुद्रा सेकंदाला लाखभर अंशांहून अधिक वेगाने थंड होतो. पाण्याच्या रेणूंना स्फटिकाची रांग धरायला वेळच मिळत नाही, आणि त्यांच्यात पोहणारी प्रथिने ज्या पवित्र्यात असतील त्या पवित्र्यात थिजतात. त्यानंतर जाळी सूक्ष्मदर्शकात जाऊन चित्रे पूर्ण होईपर्यंत उणे १४० च्या वर कधीही येऊ द्यायची नाही, हे पथ्य.

१९८४ मध्ये या गटाने काचरूप बर्फातल्या विषाणूंची चित्रे प्रसिद्ध केली. ना रंजन, ना सुकवणे, ना आधाराचा पडदा. ॲडिनोव्हायरस आपल्या वीस त्रिकोणी पैलूंसह छिद्राच्या पोकळीत तरंगत असल्यासारखा दिसत होता. पाण्याची अडचण सुटली.

गोंगाटातून आकृती

बर्फात थिजलेले रेणू जांभळ्या पटलासारखे रांगेत बसत नाहीत. प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला असते. कोणते चित्र कोणत्या बाजूचे हे ठाऊक नसताना सरासरी काढायची कशी, या प्रश्नाला योआखिम फ्रँक यांनी वाहून घेतले. जर्मनीतल्या झीगन भागात १९४० मध्ये जन्मलेले फ्रँक १९७५ पासून न्यूयॉर्क राज्याच्या आल्बनी शहरातल्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत काम करीत होते. स्फटिक नसलेल्या सुट्या रेणूंचीही कमी माऱ्याची चित्रे एकत्र करून सरासरी काढता येईल, असा प्रस्ताव त्यांनी १९७५ मध्येच मांडला होता.

त्यामागचा हिशेब साधा आहे. चित्रातला गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा असतो, रेणू मात्र तोच. चित्रे एकावर एक ठेवली की गोंगाट आपसात खोडला जातो आणि रेणू गडद होत जातो. शंभर चित्रांनी स्पष्टता दहा पट वाढते, दहा हजारांनी शंभर पट. अट ही की चित्रे नेमकी एकावर एक बसली पाहिजेत, आणि एकाच बाजूची चित्रे एकत्र आली पाहिजेत. १९८१ मध्ये फ्रँक आणि मारिन व्हॅन हील यांनी संख्याशास्त्राच्या मदतीने अंधूक चित्रांची सारख्या-सारख्या गटांत विभागणी करून दाखवली. त्याच वर्षी फ्रँक यांच्या गटाची ‘स्पायडर’ ही संगणकप्रणालीही बाहेर पडली. पुढे गटांच्या सरासऱ्यांचे परस्परांतले कोन काढून त्यांतून घनाकृती बांधण्याच्या रीती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाल्या. मायकेल राडरमाखर यांनी फ्रँक यांच्या गटात एक वाट शोधली, व्हॅन हील यांनी दुसरी.

फ्रँक यांचा आवडता रेणू रायबोसोम होता. पेशीतली सगळी प्रथिने जिथे विणली जातात तो हा कारखाना. आकाराने मोठा, आरएनएमुळे इलेक्ट्रॉनांना ठळक दिसणारा, पण सौष्ठव नसलेला. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने ई. कोलाय जीवाणूच्या रायबोसोमची २५ आंग्स्ट्रॉमची आकृती दिली. २००० मध्ये फ्रँक आणि राजेंद्र अगरवाल यांनी दाखवले की प्रथिन विणताना रायबोसोमचे दोन भाग एकमेकांवर दातेरी चक्रासारखे मागे-पुढे फिरतात. एका पवित्र्यात अडकलेल्या स्फटिकातून ही हालचाल कळणे अवघड होते.

गोळ्यांचे शास्त्र

तरीही त्या काळात स्फटिकशास्त्रज्ञ या क्षेत्राची थट्टा करीत. क्रायो-ईएमच्या आकृत्या बहुधा गुळगुळीत, बटाट्यासारख्या येत, म्हणून तिला ‘गोळ्यांचे शास्त्र’ म्हणण्याची पद्धत पडली होती. थट्टा करणाऱ्यांना या गोळ्यांचा उपयोग मात्र होत होता. येल विद्यापीठात रायबोसोमच्या मोठ्या भागाच्या स्फटिकाचे कोडे सोडवताना थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने सुरुवातीचा आधार फ्रँक यांच्या आकृतीचा घेतला. रायबोसोमच्या रचनेचे २००९ चे नोबेल स्टाइट्झ, अडा योनाथ आणि वेंकटरामन रामकृष्णन यांना मिळाले. चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्यात पदवीपर्यंत शिकलेले रामकृष्णन हेही केंब्रिजच्या त्याच प्रयोगशाळेतले. पुढे तेही क्रायो-ईएमकडे वळले.

गोळे गोळेच का राहतात, याचा हिशेब हेंडरसन यांनी १९९५ मध्ये मांडला. इलेक्ट्रॉन क्ष-किरणांपेक्षा रेणूशी कितीतरी जास्त जोराने आंतरक्रिया करतात. तेवढ्याच घावात ते जास्त माहिती देतात. भौतिकशास्त्राचा विचार केला तर दहा-वीस हजार रेणूंच्या चित्रांतून अणूंची मांडणी दिसायला हवी. प्रत्यक्षात लाखो चित्रे घेऊनही ती दिसत नव्हती. म्हणजे पद्धतीची मर्यादा अजून आलीच नव्हती. चित्रे जितकी चांगली यायला हवीत तितकी येत नव्हती. त्यांचे म्हणणे अनेकांना अतिआशावादी वाटले.

मधल्या काळात पावले पडत राहिली. १९९७ मध्ये हिपॅटायटिस-बी विषाणूच्या गाभ्याची ७.४ आंग्स्ट्रॉमची आकृती आली, तीत प्रथिनाच्या साखळीचे वळसे ओळखता आले. २००८ मध्ये काही विषाणूंच्या कवचांनी ४ आंग्स्ट्रॉमची वेस ओलांडली. विषाणूच्या कवचात एकच घटक साठ वेळा सौष्ठवाने रचलेला असतो, त्यामुळे एका चित्रात साठ चित्रांचे काम होते. सौष्ठव नसलेल्या रेणूंना ही सवलत नव्हती.

इलेक्ट्रॉन मोजणारा कॅमेरा

अडचण कॅमेऱ्यात होती. २००० च्या दशकातही उत्तम चित्र छायाचित्रणाच्या फिल्मवरच मिळे. ती धुवायची, वाळवायची आणि मग स्कॅन करायची. डिजिटल सीसीडी कॅमेरे सोयीचे होते, पण ते इलेक्ट्रॉन पाहत नसत. इलेक्ट्रॉन आधी एका चमकणाऱ्या थरावर आदळे, त्यातून प्रकाश निघे आणि कॅमेरा तो प्रकाश टिपे. या भाषांतरात बारकावे पुसले जात. इलेक्ट्रॉन थेट टिपणारा सिलिकॉनचा तुकडा बनवायचा तर तो त्याच माऱ्याने जळून जाऊ नये, आणि त्याच्या पाठीवर आपटून उलटे फिरणारे इलेक्ट्रॉन चित्र बिघडवू नयेत, अशी दुहेरी अट होती.

केंब्रिजमध्ये वासी फारुकी, ग्रेग मॅकमुलन आणि हेंडरसन यांनी इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेसोबत, आणि कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पीटर डेनेस व सान फ्रान्सिस्कोच्या डेव्हिड अगार्ड यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. कणभौतिकीच्या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या संवेदकांशी नाते सांगणारे हे तुकडे मागून घासून इतके पातळ केले गेले, की इलेक्ट्रॉन त्यांतून आपली खूण ठेवून आरपार निघून जावा. २०१२-१३ च्या सुमारास असे कॅमेरे बाजारात आले. काही कॅमेरे तर येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन सुटा मोजत.

त्यांचा वेगही मोठा होता. एका छायाचित्राऐवजी ते सेकंदाला अनेक चौकटींचा चित्रपटच घेत. तेव्हा एक जुने कोडे उलगडले. इलेक्ट्रॉनांची शलाका पडताक्षणी बर्फाचा पापुद्रा ढोलाच्या कातड्यासारखा हलतो आणि रेणूही काही आंग्स्ट्रॉम सरकतात. फिल्मवर ही सारी हालचाल एकात एक मिसळून चित्र पुसट होत असे. आता चौकटी एकमेकींवर परत जुळवून ती काढून टाकता येऊ लागली. याच सुमारास, २०१२ मध्ये, केंब्रिजच्या स्योर्स शेरेस यांनी ‘रेलिऑन’ ही प्रणाली आणली. कोणते चित्र कोणत्या बाजूचे, हे एकदाच ठामपणे ठरवून टाकण्याऐवजी ती संभाव्यतेच्या भाषेत विचार करी, आणि एकाच नमुन्यातले वेगवेगळे पवित्रे वेगळे काढी.

फळ लगेच दिसले. मिरची चावल्यावर जीभ भाजते ती कॅप्सेसिन या द्रव्यामुळे. ते चेतापेशीच्या पटलावरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला चिकटते आणि आयनांची वाट उघडते. खरी उष्णताही हेच प्रथिन ओळखते, म्हणून तिखट ‘गरम’ लागते. सान फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये त्याचे जनुक शोधले होते, पण पटलात रुतलेल्या या प्रथिनाची रचना हाती लागत नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये ज्युलियस आणि यिफान चेंग यांच्या गटांनी स्फटिकाविना त्याची ३.४ आंग्स्ट्रॉमची रचना प्रसिद्ध केली. वाट बंद असताना, कॅप्सेसिन चिकटल्यावर, आणि टॅरँटुला कोळ्याच्या विषाने ती पुरती उघडल्यावर, अशा तिन्ही अवस्था त्यांनी दाखवल्या. साखळीतल्या मोठ्या अमिनो आम्लांच्या बाजूच्या फांद्यासुद्धा ओळखू येत होत्या. ज्युलियस २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

मार्च २०१४ मध्ये यीस्टच्या तंतुकणिकेतल्या रायबोसोमच्या मोठ्या भागाची ३.२ आंग्स्ट्रॉमची रचना केंब्रिजहून आली. त्या निमित्ताने जर्मन शास्त्रज्ञ वेर्नर क्यूलब्रांट यांनी लिहिलेल्या टिपणात या घडामोडीला ‘विभेदन-क्रांती’ असे नाव दिले, आणि तेच रूढ झाले.

आईनस्टाईनचा भास

सरासरीच्या पद्धतीत एक सापळा दडलेला आहे, आणि क्रांतीच्या ऐन तोंडावर तो चव्हाट्यावर आला. संगणकाला जुळवणीसाठी नमुनाचित्र दिले, की तो प्रत्येक अंधूक चित्र त्याच्याशी जास्तीत जास्त मिळेल असे सरकवतो. एका प्रयोगात आईनस्टाईनचे छायाचित्र नमुना म्हणून देऊन निव्वळ गोंगाटाची हजार चित्रे त्याच्याशी जुळवली. सरासरी काढली तर समोर आईनस्टाईनच उभे राहिले. चित्रांत काहीच नव्हते, जे शोधायला सांगितले तेच सापडले.

२०१३ मध्ये एचआयव्हीच्या आवरणातल्या एका प्रथिनाच्या रचनेवरून जाहीर वाद झाला, तेव्हा हेंडरसन यांच्यासह अनेकांनी याच सापळ्याकडे बोट दाखवले. त्यातून शिस्त आली. चित्रांचे सुरुवातीलाच दोन ढीग करायचे, दोन्हींतून स्वतंत्रपणे आकृत्या बांधायच्या आणि त्या जितक्या तपशिलापर्यंत एकमेकींशी जुळतील तेवढेच विभेदन मान्य करायचे. मूळ चित्रे सार्वजनिक संग्रहात ठेवण्याची प्रथाही वाढली, म्हणजे शंका असल्यास दुसऱ्याला सगळा हिशेब पुन्हा मांडता येतो.

नोबेल आणि महासाथ

२०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना विभागून मिळाले: एकाने पाणी थिजवले, दुसऱ्याने चित्रे जुळवली, तिसऱ्याने अणूंपर्यंत पोहोचता येते हे दाखवले. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिशेल गोडेर्ट आणि शेरेस यांच्या गटांनी अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून मृत्यूनंतर काढलेल्या टाऊ प्रथिनाच्या तंतूंची रचना उलगडली. मेंदूत साचणारे हे तंतू स्फटिक बनत नाहीत. वेगवेगळ्या व्याधींत तेच प्रथिन वेगवेगळ्या घडीने दुमडते, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. जर्मनीत मार्टिन्सरीड येथे २०१७ मध्येच हिमोग्लोबिनची ३.२ आंग्स्ट्रॉमची रचना क्रायो-ईएमने मिळाली. पेरुट्झ यांनी दोन दशके झिजून उलगडलेला हा रेणू आकाराने लहान, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या आवाक्याबाहेरचा मानला जात होता.

पद्धतीचा सार्वजनिक कस लागला तो २०२० मध्ये. नव्या कोरोना विषाणूचा जनुकक्रम १० जानेवारीला जाहीर झाला आणि १९ फेब्रुवारीला त्याच्या काट्यासारख्या प्रथिनाची ३.५ आंग्स्ट्रॉमची रचना ‘सायन्स’ नियतकालिकाने प्रसिद्ध केली. टेक्सास विद्यापीठातील जेसन मॅक्लेलन यांचा गट आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचे लससंशोधन केंद्र यांचे हे काम. चाळीस दिवसांच्या या वेगामागे आधीची वर्षे होती. २०१६ मध्ये सर्दी आणणाऱ्या एका कोरोना विषाणूचा काटा क्रायो-ईएमने पाहिला गेला होता. हा काटा पेशीत शिरताना रूप पालटतो. साखळीत ठरावीक जागी प्रोलीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू बसवले तर तो मूळ रूपातच ताठ राहतो, हे याच गटांनी त्यानंतर मर्स विषाणूच्या काट्यावर दाखवले. मॉडर्ना आणि फायझर-बायोएनटेक यांच्या लशींत हाच दोन प्रोलीनचा बदल वापरला गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंब्रिजच्या गटाने १.२२ आणि ग्योटिंगनच्या होल्गर श्टार्क यांच्या गटाने १.२५ आंग्स्ट्रॉमचे विभेदन गाठले. दोघांचाही रेणू ॲपोफेरिटिन होता, लोह साठवणाऱ्या प्रथिनाचा पोकळ आणि अतिशय घट्ट गोल. या आकृत्यांत अणू सुटे दिसत होते, काही ठिकाणी हायड्रोजनसुद्धा. बाकीचे लवचीक रेणू अजून या पातळीला आलेले नाहीत. त्यांच्या बाबतीत २ ते ४ आंग्स्ट्रॉम हाच नित्याचा टप्पा.

यंत्रांचा प्रसार मात्र किमतीने रोखला आहे. ३ लाख व्होल्टचा वरच्या श्रेणीचा सूक्ष्मदर्शक दोन माणसांच्या उंचीचा असतो, त्याला कंपनमुक्त खोली आणि द्रव नायट्रोजनचा अखंड पुरवठा लागतो, आणि किंमत कोट्यवधींच्या घरात जाते. म्हणून अनेक देशांनी सामायिक केंद्रे उभारली. भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरूतील राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राच्या आवारात असे राष्ट्रीय केंद्र चालते.

राहिलेल्या अडचणी

काचीकरणाची कृती सोपी असली तरी बेभरवशाची आहे. पातळ पापुद्र्यात रेणू सेकंदाला कितीतरी वेळा हवेच्या सीमेवर आदळतात, आणि तिथे अनेक प्रथिने उलगडून नासतात. काही प्रथिने एकाच अंगावर कलंडतात, मग दुसऱ्या बाजूची चित्रेच मिळत नाहीत. बर्फ जाड झाला तर चित्र गढूळ होते, पातळ झाला तर छिद्राच्या मधोमध रेणूच राहत नाहीत. २०१४ मध्ये केंब्रिजच्या क्रिस्टोफर रुसो आणि लॉरी पासमोर यांनी कार्बनऐवजी सोन्याचा पडदा असलेल्या जाळ्या बनवल्या. त्यांनी पापुद्र्याची हालचाल बरीच घटली. तरी चांगली जाळी मिळेपर्यंत आठवडे किंवा महिने घालवणे अजून चुकलेले नाही.

दुसरी वाट पेशीच्या आत जाते. शुद्ध करून वेगळे काढलेले रेणू पाहण्याऐवजी ते पेशीत जिथे असतील तिथेच पाहायचे, यासाठी गोठलेली पेशी सूक्ष्मदर्शकात निरनिराळ्या कोनांत कलवून चित्रे घेतात. मार्टिन्सरीडच्या वोल्फगांग बाउमायस्टर यांच्या गटाने २००२ मध्ये या रीतीने पेशीतल्या तंतूंचे जाळे दाखवले. पेशीचा जाड भाग इलेक्ट्रॉनांना पार होत नाही, म्हणून आता आयनांच्या शलाकेने तो तासून एक-दोन हजार आंग्स्ट्रॉमची चकती उरवतात आणि तिच्यात रायबोसोम कामावर असताना पाहतात. पण पेशीत प्रत्येक जागा एकदाच भेटते. एका चकतीला सोसेल तेवढेच इलेक्ट्रॉन सगळ्या कोनांत वाटून द्यावे लागतात, आणि दुर्मीळ रेणूंच्या लाखो प्रती तिथे मिळत नाहीत.

इलेक्ट्रॉनांचा घाव आजही टळलेला नाही. थंडीने तो कित्येक पट सुसह्य केला, कॅमेऱ्यांनी प्रत्येक इलेक्ट्रॉनाकडून पुरेपूर काम करून घेतले, संगणकाने हजारोंच्या जागी लाखो चित्रे हाताळली; पण एका रेणूला ठरावीकच इलेक्ट्रॉन सोसतात, ही अडचण जांभळ्या पटलाच्या वेळी होती तशीच राहिली. पेशीच्या आतले दुर्मीळ रेणू आणि हिमोग्लोबिनहूनही लहान प्रथिने अजून पुसट दिसतात, ती या मर्यादेमुळेच.